मुलाला लिहायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

मागच्या वेळी आपण लहान मुलांच्या वाचनाविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका शिक्षिकेने आम्हाला जिन्यात गाठलं. त्या म्हणाल्या, "सर, माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं वाचतात बरी, बोलतात तर विचारूच नका. पण वही पुढे ठेवून 'लिहा' म्हटलं की गप्प. असं का?" प्रश्न साधा होता, उत्तर साधं नव्हतं. जिन्यात उभ्या उभ्या आम्ही जे सांगितलं त्याने त्यांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर आमचंही झालं नाही. आज त्याच प्रश्नाचं जरा सवडीने उत्तर शोधू या.

आधी एक कबुली देऊन टाकतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेही महाविद्यालयात. प्राथमिक शाळेचा आमचा अनुभव निवृत्तीनंतरचा. दर शनिवारी सकाळी शहराच्या कडेच्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर दोन तास बसतो, तेवढाच. तेव्हा इथे जे शिक्षक बसले आहेत त्यांना आमच्या बोलण्यात काही कच्चं वाटलं तर त्यांनी शेवटी जरूर टोकावं.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करू. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, जानेवारी महिन्यात, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळांच्या निबंधस्पर्धेला आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता 'माझी आई'. चौथीतल्या एका मुलाचा निबंध आम्हाला फार आवडला. अक्षर मोत्यासारखं. शुद्धलेखनाची एक चूक सापडेल तर शपथ. सुरुवातीला सुवचन, शेवटी आईचे उपकार फिटत नाहीत असं वाक्य. मधल्या भागात आई पहाटे उठते, अंगणात सडा-रांगोळी करते, शाळेत जाताना गरम डबा हातात देते, संध्याकाळी अभ्यास घेते. आम्ही पहिला क्रमांक दिला.

बक्षीस घ्यायला मुलगा आजीचं बोट धरून आला. आम्ही सहज विचारलं, "आजी, याची आई नाही आली?" आजी म्हणाल्या, "ती कारखान्यावर हाय की, दिवाळीपास्नं. आता पाडव्यालाच यायची." मग उलगडा झाला. मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. वर्षातले पाच-सहा महिने मुलगा आजीपाशी असतो. डबा आजी करते, आणि अभ्यास घ्यायला घरात कुणी नाही. आम्ही मुलाला जवळ घेऊन विचारलं, "मग तू हे का नाही लिहिलंस?" त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, निबंधात असलं नसतं लिहायचं."

हे वाक्य त्याला कुणी शिकवलं असेल? कुणा एका शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. फळ्यावर उतरवून दिलेले मुद्दे, बाजारातली निबंधमाला, पाठ करून घेणारी शिकवणी, गुण देण्याची पद्धत, या सगळ्यांनी मिळून ते शिकवलं. आणि त्यावर शिक्का कुणी मारला? आम्ही मारला, पहिला क्रमांक देऊन.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला या प्रसंगात जे दिसतं ते जरा गंभीर आहे. विधान म्हणजे काय, हे आम्ही पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना समजावत आलो. विधान म्हणजे असं वाक्य, जे खरं तरी असतं किंवा खोटं तरी, आणि जे करणारा माणूस त्याच्यामागे उभा असतो. 'हे असं आहे' म्हणणं म्हणजे एक जबाबदारी घेणं. त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अक्षर येत होतं, व्याकरण येत होतं, परिच्छेदही पाडता येत होते. पण लिहिलेल्या वाक्यामागे आपण उभं राहायचं असतं, हे त्याच्या शिक्षणातून सुटलं होतं. किंबहुना, उभं राहायचं नसतं, हेच तो शिकला होता. हाच मुलगा उद्या अर्ज लिहील, साक्ष लिहील, अहवाल लिहील. तेव्हा 'इथे असलंच लिहायचं असतं' म्हणून लिहील का? लेखन शिकवण्याचा प्रश्न म्हणूनच आम्हाला फक्त भाषेच्या तासापुरता वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'मुलाला लिहिता येतं' असं आपण म्हणतो तेव्हा एकाच शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

पहिली गोष्ट अक्षर काढणं. आपल्याकडे लेखन म्हणजे प्रामुख्याने हेच, ही समजूत फार जुनी आहे आणि तिला कारणही आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यात सगळा भर अक्षर वाटोळं, मोकळं, सारखं असावं, ओळी सरळ असाव्यात, आरंभी जसं अक्षर तसंच शेवटपर्यंत असावं, यावर आहे. छापखाना नव्हता. ग्रंथ टिकवायचा तर नक्कल करावी लागे आणि नक्कल करणाऱ्याचं अक्षर चांगलं नसेल तर ग्रंथच बुडायचा. त्या काळी ते अगदी योग्य होतं. पण नक्कल करणारा दुसऱ्याचे शब्द लिहीत असतो. स्वतःचं काही सांगणं हे त्याचं काम नसतं.

दुसरी गोष्ट शुद्धलेखन. देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते असं आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बरंचसं खरं आहे. पण सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. पहिली वेलांटी उच्चारात अक्षराच्या मागून येते, कागदावर मात्र ती अक्षराच्या आधी बसते. 'र' एकच, पण 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर चढतो, 'चक्र' मध्ये पायाशी तिरपा बसतो, 'ट्रक' मध्ये खाली टोपी होतो आणि 'वाऱ्यावर' मध्ये आणखी वेगळंच रूप घेतो. ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक आपल्या रोजच्या बोलण्यात नीट ऐकूही येत नाही. म्हणजे मूल कितीही कान देऊन ऐकेल, तरी 'माहिती'तली कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे त्याला कान सांगणार नाही. डोळ्यानेच ते लक्षात ठेवावं लागतं, आणि त्यासाठी भरपूर वाचन झालेलं असावं लागतं.

शिवाय हे नियम म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून केलेला करार आहे. आम्ही १९५६ साली पहिलीत गेलो. तेव्हा 'नांव', 'गांव', 'कांहीं' असं टिंब देऊनच लिहायचं. टिंब विसरलं की पट्टी. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेलं ते टिंब गेलं. पुढे १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून एकूण अठरा नियम झाले. ज्या टिंबासाठी आम्ही हातावर वळ घेतले, तेच टिंब पुढे चूक ठरलं. यातून नियम नकोत असा अर्थ कुणी काढू नये. रस्त्यावर डावीकडून चालायचं हाही करारच आहे, आणि तो मोडला तर अपघात होतो. पण डावीकडून चालता आलं म्हणजे कुठे जायचं ते कळलं, असं नाही.

ती 'कुठे जायचं'ची बाब म्हणजे तिसरी गोष्ट. आपल्या मनातलं काहीतरी, समोर नसलेल्या माणसाला कळेल असं मांडणं. खरं लेखन हे. पहिल्या दोन गोष्टी त्याची साधनं आहेत. आपल्या शाळा पहिल्या दोन शिकवतात आणि तिसरी आपोआप येईल असं धरून चालतात. ती आपोआप येत नाही. का येत नाही, ते पाहू.

प्लेटोचा 'फीड्रस' नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध तक्रार करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात. जिवंत वाटतात, पण काही विचारायला गेलात तर गप्प राहतात. पुन्हा पुन्हा तेच सांगतात. कुणाच्याही हाती पडतात, आणि कुणी त्यांचा चुकीचा अर्थ लावला तर स्वतःचा बचाव करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांच्या बापाने धावून यावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लिहिलेला शब्द पोरका असतो. गंमत अशी की ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून!

आता तिथून विसाव्या शतकात येऊ. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की याचं 'विचार आणि भाषा' हे पुस्तक १९३४ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालं. त्यात त्याने नेमका जिन्यातल्या त्या शिक्षिकेचा प्रश्न घेतला आहे. भरभरून बोलणारं मूल लिहिताना इतकं मागे का पडतं? त्याचं उत्तर असं की अडचण केवळ हाताची किंवा अक्षरांची नाही. लेखन म्हणजे श्रोता नसलेलं बोलणं. बोलताना समोरचा माणूस निम्मं काम करतो. तो भुवया उंचावतो, "कोण?" म्हणून विचारतो, "मग पुढे?" म्हणतो. त्याच्या प्रश्नांच्या आधाराने मूल बोलत जातं. वही मात्र काही विचारत नाही. वहीसमोर बसलेल्या मुलाला सांगणाराही व्हायचं असतं आणि विचारणाराही.

सॉक्रेटिसला जो लेखनाचा दोष वाटला तोच लेखनाचा खरा अभ्यासक्रम आहे, असं आम्हाला वाटतं. शब्द पोरका होणार आहे, आपण त्याच्याबरोबर जाणार नाही, म्हणून त्याला लागणारी शिदोरी आधीच बांधून द्यायची. लिहायला शिकणं म्हणजे समोर नसलेल्या माणसाचे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारायला शिकणं. आज तुम्ही एकच गोष्ट बरोबर नेणार असाल तर ही न्या.

हे वर्गात कसं दिसतं, त्याचं एक उदाहरण देतो. शनिवारच्या वर्गात तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, "आमची शेळी खूप छान आहे. ती मला खूप आवडते. शेळी दूध देते." यात चूक काहीच नाही, आणि सांगितलेलंही काहीच नाही. आम्ही तिला म्हटलं, "समज, बाजाराच्या दिवशी तुझी शेळी हरवली. मी शोधायला निघालोय, तू घरी थांबली आहेस. शेळी ओळखायला मला चिठ्ठी लिहून दे." ती लगेच सांगायलाच लागली. "अगं, सांगू नकोस, लिही. मी बाजारात आहे, तुझा आवाज तिथे येत नाही."

पहिल्या चिठ्ठीत आलं, "काळी हाय. कानाला पांढरं हाय." आम्ही म्हटलं, "बाजारात पाच काळ्या शेळ्या दिसतायत. त्यातल्या दोघींच्या कानाला पांढरं आहे. आता?" ती वैतागली, पेन्सिल तोंडात घालून बसली, मग वहीवर वाकली. दुसऱ्या चिठ्ठीत डाव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका आला, अर्धं मोडलेलं उजवं शिंग आलं, गळ्यात आईच्या जुन्या साडीच्या काठाची दोरी आली. आणि शेवटी, "गंगे म्हनलं की मागं बघती." वेलांट्या चार ठिकाणी चुकल्या होत्या. पण मंडळी, शेळी सापडली असती!

या दोन लिखाणांमध्ये फरक कशाने पडला? मुलगी तीच, शेळी तीच, शब्दही जवळपास तेवढेच. फरक दोन गोष्टींनी पडला. तिला माहीत असलेलं काहीतरी आम्हाला माहीत नव्हतं, आणि ते आम्हाला खरंच हवं होतं. नेहमीच्या निबंधात या दोन्ही गोष्टी नसतात. 'गाय' या विषयावर मूल जे लिहिणार ते बाईंना आधीच ठाऊक असतं. आणि बाई वाचतात त्या काही कळावं म्हणून वाचत नाहीत, गुण द्यायला वाचतात. ज्याला सगळं माहीत आहे आणि काहीच ऐकायचं नाही, अशा माणसाला पत्र लिहून बघा. तुमचाही हात थांबेल. जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे.

हे ओळखून काम केलेली माणसं होऊन गेली आहेत. सेलेस्टिन फ्रेने हा फ्रान्समधला खेड्यातला शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात फार वेळ बोलणं त्याला जमत नसे. १९२० च्या दशकात त्याने वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुलं आपल्या मनाने मजकूर लिहीत, त्यातला निवडलेला मजकूर सगळे मिळून नीट करत, खिळे जुळवून छापत आणि दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवत. तिकडच्या मुलांना इकडचं गाव माहीत नसे, त्यामुळे इकडच्यांना नीट समजावून लिहावंच लागे. आणि खिळे स्वतः जुळवायचे म्हटल्यावर शब्द बरोबर हवा हे मुलांना वेगळं सांगावं लागत नसे.

दुसरं उदाहरण इटलीतल्या बार्बियाना या डोंगराळ वस्तीचं. तिथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या गरीब मुलांसाठी शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला लिहिलेलं एक दीर्घ पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि जगभर वाचलं गेलं. त्या मुलांची लिहिण्याची रीत आपल्याला आज उपयोगी पडेल अशी आहे. सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडायच्या. दोनदा आलेलं काढून टाकायचं. एकमेकींशी नातं असलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा. मग लिहायचं, आणि त्यानंतर छाटणी करायची. फुकटचे शब्द, अवघड शब्द, फार लांब वाक्यं, एका वाक्यात कोंबलेल्या दोन कल्पना, सगळं काढायचं. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचायला द्यायचं, शक्यतो फार न शिकलेल्या, आणि त्यांना कळतं का ते पाहायचं. विद्वानाला कळलं यात काय मोठंसं!

आपल्याकडेही अशी दृष्टी असलेली माणसं झाली. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांचा अनुभव हाच शिकण्याचा पाया, हे त्या कामाचं सूत्र होतं. तेव्हा हे सगळं परदेशातच होतं असं कुणी समजू नये.

मग उद्या सकाळी वर्गात काय करायचं? आम्हाला चार गोष्टी सुचतात.

एक, लिहिण्याआधी बोलू द्या. पहिली-दुसरीत तर मुलाने सांगावं आणि शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावं. आपण बोललेलं असं लिहिलं जातं आणि उद्याही ते तिथेच असतं, हा लहान मुलाला चमत्कारच वाटतो. मूल 'व्हतं' म्हणालं तर सुरुवातीला 'व्हतं'च लिहा. घरची भाषा ही चूक नाही. प्रमाण भाषा ही दूरच्या माणसापर्यंत पोचायची गाडी आहे, ती नंतर शिकवायची. पण पहिल्याच दिवशी 'तुझ्या आईची भाषा अशुद्ध' असं मुलाला कळलं की ते वहीपाशी तोंड मिटतं.

दोन, खरा वाचक शोधा. आजारी मैत्रिणीला आज वर्गात काय झालं ते कळवणं. नळ गळतो म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज. दुसरीतल्या मुलांसाठी विटीदांडूचे नियम. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता, नव्या मुलाला एकट्याने येता येईल असा. पोळ्याला घरी काय केलं ते मुंबईतल्या मामाला. या प्रत्येकात एक माणूस आहे ज्याला काहीतरी हवं आहे, आणि लेखन साधलं की फसलं हे लगेच कळतं. नियम वाचून खेळ जमला नाही, तर लाल पेनाची गरजच उरत नाही.

तीन, आधी मजकुराला उत्तर द्या, मग चुकांकडे वळा. एका वहीत आम्ही पाहिलं, मुलाने लिहिलं होतं की रात्री घरात पाणी शिरलं आणि सगळे शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसून राहिले. खाली लाल शाईत तीन गोल आणि शेरा: 'शुद्धलेखन सुधारा.' मुलाच्या घरात पाणी शिरलं होतं हो! आधी विचारा ना, "माळ्यावर कोण कोण होतं? भीती वाटली का? सकाळी घर कसं दिसत होतं?" या तीन प्रश्नांतून पुढची दहा वाक्यं निघतील. मग त्यातली एकच जातीची चूक निवडा, समजा रफार, आणि आठवडाभर फक्त तिच्याकडे लक्ष द्या.

चार, पुन्हा लिहू द्या. आपल्याकडे पुन्हा लिहिणं ही शिक्षा आहे. चुकलेला शब्द दहा वेळा लिही. लिहिणारी मोठी माणसं मात्र पुन्हा पुन्हा लिहितात कारण पहिल्या खेपेला मनातलं नीट उतरत नाही. बार्बियानाच्या चिठ्ठ्या चौथीच्या मुलांनाही जमतात. 'आमच्या गावची जत्रा' म्हणा, प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या लिहायच्या, जमिनीवर पसरायच्या, आणि "ही आधी की ती आधी?" यावर भांडायचं. विचारांचा क्रम लावणं, पुनरुक्ती ओळखणं, अप्रस्तुत बाजूला काढणं, हे आम्ही एम.ए.ला तर्कशास्त्र म्हणून शिकवत होतो. ही मुलं ते फरशीवर बसून शिकतात.

आता आक्षेप. शिक्षक म्हणतील, "सर, हे बोलायला ठीक आहे. वर्गात मुलं किती असतात बघा." शिक्षणहक्क कायद्याने, २००९ च्या, प्राथमिक शाळेत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. पण कित्येक ठिकाणी एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेव्हा आक्षेप रास्त आहे. त्यावर आमचं उत्तर एवढंच की सगळ्या वह्या रोज तपासायचा नियम आपणच आपल्यावर लादून घेतला आहे. रोज पाच वह्या माणूस म्हणून वाचा, बाकीच्या मुलांना एकमेकांचं वाचू द्या. "मला इथे कळलं नाही" एवढं सांगायला मुलाला पदवी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. "शुद्धलेखनाला तुम्ही कमी लेखलं, तर उद्या नोकरीच्या अर्जात या मुलांवर लोक हसतील." हे खरं आहे. आणि सगळ्यात जास्त हसतील ते ज्याच्या घरात पुस्तक नाही अशा मुलावर. वाचणाऱ्या घरातलं मूल शुद्धलेखन डोळ्यांनी उचलतं, दुसऱ्याला ते शाळेतच मिळायला हवं. म्हणून शुद्धलेखन शिकवायचंच, पुरतं शिकवायचं. आमचा आग्रह फक्त क्रमाचा आहे. आधी सांगण्यासारखं काहीतरी, मग वाचणारा, आणि मग त्या वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून शुद्ध लिहिणं. पाहुणा येणार म्हटल्यावर घर झाडायला मूल कुरकुरत नाही. पाहुणाच येणार नसेल, तर रोज झाडून काय करायचं, असं त्याला वाटतं.

शेवटी एक नवी गोष्ट. आता मोबाइलला 'माझी आई' एवढं म्हटलं की अर्ध्या मिनिटात निबंध मिळतो. बरेच पालक याने घाबरले आहेत. आम्हाला वाटतं, यंत्राने आपल्याला फक्त आरसा दाखवला. जो निबंध यंत्राला आई नसताना लिहिता येतो, तोच आपण इतकी वर्षं मुलांकडून लिहून घेत होतो. गंगी म्हटल्यावर मागे वळून बघणारी शेळी मात्र त्या यंत्राला ठाऊक नाही. ती त्या मुलीलाच ठाऊक आहे.

तो स्पर्धेतला मुलगा पुन्हा भेटला नाही. आता मोठा झाला असेल. आई गावी नसताना घर कसं असतं, फोनवर ती काय विचारते, पाडव्याला ती येते तेव्हा आधी काय करते, हे त्याने लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं, असा विचार कधी कधी मनात येतो. पण त्याच्या वतीने ते आम्ही रचून सांगणार नाही. तसं केलं तर त्याच्या निबंधात जे घडलं तेच पुन्हा होईल.

तेव्हा या आठवड्यासाठी एक काम घेऊन जा. आपल्या घरातल्या, शेजारच्या किंवा वर्गातल्या एका मुलाला असं काही लिहायला सांगा जे तुम्हाला खरंच माहीत नाही. लिहून झालं की शांतपणे वाचा. हातात पेन घेऊ नका. आणि मग त्याला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुम्ही टोका.